पत्त्यातला राजा

एका राज्यात नद्या राजाला विचारून वळत, आणि एके दिवशी त्या राज्याचा राजाच नाहीसा झाला. धूम्रकेश मांत्रिकाने कोवळ्या अरुणध्वज राजाला गंजिफाच्या गोल पत्त्यात कोंडले नि पत्ता आपल्या गढीत नेला. त्या दिवसापासून कोंबडे आरवेनात, दुधाला विरजण लागेना, नद्या भर रस्त्यातून हिंडू लागल्या. पत्ता गढीच्या उंबऱ्याबाहेर पडला तरच शाप तुटणार होता. आश्विन सरला, तर राजा कायमचा चित्र होणार होता.

राजाची थोरली बहीण मंजुघोषा. तिने मोठमोठे मंत्रवेत्ते धाडले. पण धूम्रकेशाला मंत्राचा वास येई, जसा आपल्याला करपलेल्या दुधाचा येतो. सारे मंत्रवेत्ते त्याच्याच गंजिफाच्या जोडात पत्ते होऊन बसले.

मग एक म्हातारी साळुंकी खिडकीत आली नि म्हणाली, "राजकन्ये, मंत्राला वास असतो. हातचलाखीला नसतो."

"मला ती येत नाही."

"म्हणूनच मी आले आहे. शीक."

पहिले काम, एक साधा पत्ता तळहातात लपवून फुले वेचायची. आता गोल पत्त्याला ना कोपरा, ना धरायला टोक, वर लाखेचा गुळगुळीतपणा! मंजुघोषेने बोटे आवळली की अंगठा खुंटीसारखा उभा राही; सैल सोडली की पत्ता घरंगळत थेट विहिरीच्या काठी.

"हा पत्ताच वाईट आहे," ती चिडून म्हणाली.

"नाचता येईना, अंगण वाकडे!" साळुंकी उत्तरली.

आणि एका सकाळी पत्ता तळहातात बसला तो बसलाच. परडी भरली, पत्ता पडला नाही! आनंदाने राजकन्या साऱ्या महालातून धावत सुटली.

दुसरे काम, डोळ्यांदेखत पत्ता बदलायचा. ते ती मुदपाकखान्यात पापडांवर शिकली. आधी नुसता चुरा झाला. पुढे आचारीणबाईंनी उडदाचा पापड उचलला नि तोंडात नाचणीचा गेला, तेव्हा साळुंकीने पंख फडफडवले.

तिसरे काम, पत्ता लपवलेल्या हाताकडे बघायचे नाही. ते मात्र जमेना. उजव्या हातात पत्ता लपवला की मंजुघोषेची नजर त्याच हाताकडे जाई.

"चोराच्या मनात चांदणे," साळुंकी हताश होऊन म्हणाली. "ही खोड जायला वर्ष लागेल."

पण आश्विन सरत आला होता. राजकन्येने हुबेहूब दुसरा पत्ता रंगवला नि गढी गाठली.

"भावाचा निरोप घ्यायला आले आहे," ती म्हणाली.

धूम्रकेशाने हवा हुंगली. मंत्राचा मागमूस नव्हता. त्याने पत्ता तिच्या हाती दिला. तिने तो कपाळाला लावला, डोळे पुसले, पत्ता परत केला.  ती उंबऱ्याकडे वळली आणि नजर गेलीच उजव्या मुठीकडे!

"थांब!" धूम्रकेशाने झेप घालून ती मूठ धरली. "उघड!"

तिने मूठ उघडली. आत काही नव्हते. उजव्या हाताकडे बघायची आपली खोड जाणार नाही हे मंजुघोषेने ओळखले होते. म्हणून साऱ्या वाटेने तिने डाव्या हाताला पत्ता लपवायला शिकवले होते. मांत्रिक रिकाम्या तळहाताकडे बघत राहिला, तोवर तिने पाऊल उचलून उंबरा ओलांडला.

डावा हात एकदम जड झाला. अरुणध्वज तिच्यासमोर उभा होता! मागोमाग कैदेतले मंत्रवेत्ते खोकत बाहेर पडले. शाप उलटला; गढीत एकच पत्ता उरला, त्यावर धूम्रकेश होता. नद्या मुकाट्याने आपापल्या पात्रात गेल्या.

"अक्का," अरुणध्वजाने विचारले, "कोणत्या मंत्राने सोडवलेस?"

 मंजुघोषेने दोन्ही हात पसरले नि भावाला घट्ट मिठी मारली.

तिच्या हाताला जसे वळण लागले, तसे साऱ्या नवशिक्यांच्या हाताला लागो!