बघत बसणे

शुद्धलेखनात चुका होतील, शब्दही साधेच आहेत. माझी शाळा लहानपणीच सुटली. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

उग्रक नावाच्या एका भिक्षूचा पाय कापला. रक्त वाहत असताना तो औषध नाकारून ध्यानाला बसला, तेव्हा त्याच्या गुरूंनी, म्हणजे शास्त्यांनी, त्याला ही आपल्या मागच्या जन्माची कथा सांगितली.

वेणुपुरावर शूरदत्त राजाची सत्ता होती, त्या काळी बोधिसत्त्व तापस होऊन गावाबाहेर कुटीत राहत होते. सोणक विणकराची बायको उत्पला त्यांच्याकडे आली. तिचे गुडघे वर्षानुवर्षे दुखत होते. सगळे लेप, काढे करून झाले होते.

बोधिसत्त्व म्हणाले, "बाई, दुखणं उठलं की त्याच्याशी भांडू नकोस. शांत श्वास घे आणि त्याच्याकडे बघत बस."

उत्पला तसे करू लागली. दुखणे गेले नाही, पण त्याचा धाक गेला. तिला झोप लागू लागली, ती पुन्हा मागावर बसली. गावाने मात्र एवढेच ऐकले, की तापसाने औषधावाचून रोग बरा केला. लोक फुले घेऊन येऊ लागले. गावचा श्रीमंत व्यापारी, श्रेष्ठी, तर त्यांच्यासाठी मठ बांधायला निघाला.

एके दिवशी लाकडे फोडताना सोणकाची कुऱ्हाड निसटून पोटरीत बसली. रक्ताची धार लागली. सोणकाने तिथेच बसून डोळे मिटले.

"अहो, हे काय करताय?" उत्पला ओरडली.

"बघत बसलोय. तूच तर शिकून आलीस ना!"

"बघत काय बसलात! जीव जाईल तुमचा!"

ती तशाच गुडघ्यांनी कुटीकडे धावली. बोधिसत्त्व लगेच आले. दारात गर्दी जमली होती. श्रेष्ठी हळूच म्हणाला, "महाराज, हात लावू नका. नुसते समोर बसा. तुम्हीच पट्टी बांधलीत तर ध्यानावर कोण विश्वास ठेवील? मठाचं काय?"

"मठाचं राहू दे. हा पाय धर, वर उचल."

त्यांनी आपले उत्तरीय फाडले, घडी जखमेवर घट्ट दाबून धरली आणि शल्यवैद्याला बोलावणे धाडले. वैद्य टाके घालू लागला तसा सोणक कळवळला. तेव्हा ते त्याच्या कानाशी म्हणाले, "आता श्वासाकडे बघ. आता तुझं तेवढंच काम."

सोणक वाचला. श्रेष्ठी हात पुसत म्हणाला, "म्हणजे महाराज, तुम्हीही आमच्यासारखेच की!"

"हो," बोधिसत्त्व म्हणाले. "मुक्कामाला आलेल्या दुखण्यासोबत बसायला शिकावं लागतं. ताजी जखम तेवढा वेळ देत नाही. ध्यानानं मनाला धीर येतो, रक्त थांबत नाही."

लोक हिरमुसून पांगले.

कथा संपवून शास्ते म्हणाले, "उग्रका, तो सोणक तूच होतास. उत्पला म्हणजे आता तुझ्यासाठी औषध उगाळणारी ही उपासिका सुयामा, आणि तापस मी." श्रेष्ठी कोण होता ते त्यांनी सांगितले नाही. कोणत्या दुःखाला काय हवे ते ओळखणे, हीच त्या जन्मातली प्रज्ञा पारमिता, म्हणजे शहाणपणाची परिपूर्णता.

एवढे सांगायचे राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी कुटीकडे कोणीच फिरकले नाही. बोधिसत्त्व कडुनिंबाचे उकळलेले पाणी घेऊन सोणकाच्या घरी गेले. जखम धुऊन त्यांनी पट्टी बदलली. मग, धावपळीने सुजलेले गुडघे धरून बसलेल्या उत्पलेशेजारी ते डोळे मिटून बसले.