ठकूआक्काची भिंत

घाटातून गाडीरस्ता झाला नव्हता आणि कोकणातलं मीठ बैलांच्या पाठीवरून वर चढत होतं, तेव्हाची ही हकिकत. घाटमाथ्यावर, दाट रानात, हिरडवाडी नावाची बावीस घरांची वस्ती होती. सगळी धनगरांची घरं. म्हशी राखायच्या, नाचणी पिकवायची आणि वर्षातले चार महिने पाऊस सोसायचा, असं त्यांचं जगणं. त्या वाडीत ठकूबाई झोरे राहायची. लहानथोर सगळे तिला ठकूआक्का म्हणत.

ठकूआक्काचा नवरा दादू मिठाच्या बैलांबरोबर कोकणात जायचा. एकदा गेला की महिना महिना यायचा नाही. आला की पाय धुवायच्या आधी विचारायचा, "मी नव्हतो तेव्हा इथं काय काय झालं?" माणसांच्या बातम्या त्याला वाटेतच मिळालेल्या असायच्या. त्याला विचारायचं असायचं ते वेगळंच. धुकं किती दिवस राहिलं, उंबरावर धनेश आले का, पाकोळ्यांनी वळचणीला घरटी केली का, दिव्यावर कुठकुठले पतंग आले. ठकूआक्का तेव्हा नवी नवरी होती. तिला सगळं आठवायचं नाही, आणि आठवलं नाही की दादूचा चेहरा उतरायचा. म्हणून तिनं पडवीच्या आतल्या भिंतीवर खुणा करायला घेतल्या.

तिला लिहिता येत नव्हतं. वाडीत कुणालाच येत नव्हतं. तिनं आपल्या खुणा आपणच ठरवल्या. एका दिवसाला बोटाच्या पेराएवढी जागा. आभाळ मोकळं असलं तर चुन्याची एक आडवी रेघ, धुकं असलं तर ठिपके, पाऊस असला तर काजळाच्या उभ्या रेघा. त्याखाली त्या दिवशीचं पाखरू, गेरूनं. सगळं पाखरू नव्हे, नुसती चोच नाहीतर शेपटी. आणि सांजवात लावली की दिव्यावर येईल त्या पतंगाचे दोन पंख. बांबूच्या काडीनं ती हे इतकं बारीक काढायची की मुंगी भिंतीवरून गेली तर तिची वाट चुकायची, असं म्हणतात.

दादू यायचा, भिंतीसमोर मांडी घालून बसायचा आणि ठकूआक्का त्याला दिवसामागून दिवस वाचून दाखवायची. असं सहा वर्षं चाललं. सातव्या वर्षी बैल आले, दादू आला नाही. कोकणात ताप येऊन तो गेला, असा निरोप आला.

वाडीतल्या बायकांना वाटलं, आता ही भिंत सारवून टाकेल. ठकूआक्कानं तेरा दिवस काही केलं नाही. चौदाव्या दिवशी तिनं गेरू कालवला आणि त्या तेरा दिवसांसकट सगळं काढलं. शेजारची येलूबाई म्हणाली, "आक्का, आता ऐकणारा कोण हाय?"

"ऐकणारा नसला म्हणून दिवस उगवायचा थांबलाय का?" ठकूआक्का म्हणाली.

बायका हसल्या. भिंत न सारवणारी बाई म्हणून चार वाड्यांत तिचं नाव झालं. तिला त्याचं काही नव्हतं. ती सकाळी म्हशी सोडायची, दुपारी शेतात राबायची, आणि दिवेलागणीला पडवीत बसायची. पतंग तिच्या हातावर येऊन बसायचे. पावसाच्या तोंडाला एक मोठा पतंग यायचा, सुपाएवढा, पंखांच्या टोकांना नागाचं तोंड असलेला. बाकीच्यांची पोरं त्याला बघून ओरडायची. ठकूआक्का म्हणायची, "आला बाई, उशीर केलास यंदा," आणि त्याच्यासाठी दिवा थोडा बाजूला सरकवायची.

मग येलूबाईच्या थोरल्याचं लग्न ठरायची वेळ आली. मुलीकडच्यांनी विचारलं, मुलाचं वय काय, जन्म कधीचा. येलूबाईला एवढंच आठवत होतं की नाचणी पोसवत होती. ती ठकूआक्काकडे आली. ठकूआक्का दिवा घेऊन भिंतीशी गेली, बोट फिरवत फिरवत एका जागी थांबली आणि म्हणाली, "तुझा गणू झाला तेव्हा दाट धुकं होतं. उंबरावर दोन धनेश होते. आणि सांजेला हिरव्या शेपटीचा पतंग दिव्याशी आला होता. त्याला आता वीस पावसाळे झाले."

येलूबाई घरी गेली आणि तिनं हे गणूला सांगितलं. गणू म्हशीसारखा आडदांड गडी, पण संध्याकाळी तो एकटाच उंबराखाली जाऊन उभा राहिला. त्या दिवसापासून हसणं थांबलं. माणसं आपापला दिवस विचारायला येऊ लागली. कुणाला आपल्या जन्माचा हवा असायचा, कुणाला लेकीच्या लग्नाचा, कुणाला बाप गेला त्याचा. ठकूआक्का प्रत्येकाला त्याचा दिवस द्यायची. त्याचं आभाळ, त्याचं पाखरू, त्याचा पतंग. लोक तो दिवस तोंडपाठ करून घरी न्यायचे. लांबच्या वाड्यांतली माणसं दोन दोन डोंगर चढून यायची, असं म्हणतात.

भिंतीला अशी चौतीस वर्षं झाली. भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत भरत आली. ठकूआक्काचे केस पांढरे झाले.

त्या वर्षी आषाढात पाऊस लागला तो उघडेचना. वाडीला पावसाची सवय होती, कुणी घाबरलं नाही. पण ठकूआक्का घाबरली. दिव्यावर पतंग यायचे थांबले होते. एक नाही, दोन नाही, सहा दिवस दिवा एकटाच जळत होता. सातव्या सकाळी वळचणीच्या पाकोळ्या अर्ध्या वाढलेल्या पिलांना सोडून गेल्या. ठकूआक्कानं भिंतीवर मागं मागं जात शोधलं. एकवीस वर्षांपूर्वीच्या जागी तिचं बोट थांबलं. तेव्हाही असेच सहा दिवस पतंगाविना गेले होते, तेव्हाही सातव्या दिवशी पाकोळ्या गेल्या होत्या. आणि आठव्या दिवशी दुपारी पलीकडच्या खोऱ्यात डोंगराचा कडा खाली येऊन एक अख्खी वस्ती गाडली गेली होती.

ती घोंगडी पांघरून वाडीचा म्होरक्या सटुप्पा गावडा याच्या दारात गेली. सटुप्पा वर्षानुवर्षं तिच्याशी बोलत नव्हता. त्यानं तिला आत बोलावलं, पण बसायला सांगितलं नाही.

"वाडी रिकामी कर," ठकूआक्का म्हणाली. "पाकोळ्या पिलं टाकून गेल्यात. ओढ्यापलीकडं देवराईत चला. उद्या दुपारच्या आत."

"एवढ्या पावसात? म्हशी, गाभणी, म्हातारी माणसं, दाणागोटा? पाखरांच्या सांगण्यावरनं घरं सोडायची?"

"पाखरं कशाला सांगतील सोडा म्हणून. त्यांनी सोडलंय, एवढं सांगायला आलेय."

सटुप्पानं पाठ फिरवली. ठकूआक्का घरी परतली. पण तिच्या मागोमाग गेलेल्या येलूबाईनं दाराबाहेरून सगळं ऐकलं होतं. ती सुनेला म्हणाली, "आक्काची भिंत माझ्या गणूच्या बाबतीत चुकली नाही, आता का चुकेल?" तिनं नातवाला पाठीशी बांधलं, म्हैस सोडली आणि ओढ्याची वाट धरली. तिला बघून दुसरं घर निघालं, मग तिसरं. उजाडायला आलं तेव्हा सटुप्पा स्वतः म्हाताऱ्यांना पाठुंगळीला घेऊन ओढा पार करत होता. पाणी छातीला लागत होतं. तो अकरा वेळा गेला आणि अकरा वेळा आला, असं म्हणतात.

शेवटी ठकूआक्का राहिली. सटुप्पा तिच्या पडवीत आला तेव्हा ती भिंतीला हात लावून उभी होती.

"आक्का, चल."

"चौतीस वर्षं हायत रं ही."

"माहीत हाय," सटुप्पा म्हणाला. "पण चल."

ती निघाली. ती उंबऱ्याबाहेर पडली तेव्हा भिंतीवरचे सगळे पतंग पंख फडफडवत भिंतीपासून सुटले आणि भर पावसात तिच्यापुढं वाट दाखवत उडत गेले, असं म्हणतात. येलूबाई मात्र शेवटपर्यंत सांगायची, की तिच्या पदरावर एक बसला होता तेवढा मी पाहिला, बाकीचे मी पाहिले नाहीत.

दुपारी म्हशींनी एकदम माना वर केल्या. मग जमीन घुमली. वाडीमागचा डोंगर मधोमध फाटला आणि चिखल, दगड, झाडं सगळं खाली आलं. बावीस घरांच्या जागी लाल मातीचा उतार राहिला. देवराईत माणसं मोजली. एकही कमी नव्हतं. एक कुत्रं कमी होतं, तेही तिसऱ्या दिवशी लंगडत आलं.

पाऊस ओसरल्यावर देवराईशेजारी नवी वाडी उभी राहिली. पहिलं घर सगळ्यांनी मिळून ठकूआक्काचं बांधलं. पडवीची भिंत मुद्दाम लांब घेतली, हातानं चापून गुळगुळीत केली. ठकूआक्का त्या भिंतीकडे पाठ करून बसायची. दिवा लावायची, पण बाहेर बघायची नाही. गेरू कुणी आणून दिला तर तसाच पडायचा. कुणी काही विचारलं तर म्हणायची, "मला आता काही आठवत नाही."

दिवाळी झाली तरी ती तशीच होती. मग एका सकाळी येलूबाई आली, गेरू कालवला आणि स्वतःच भिंतीशी जाऊन बसली.

"काय करतेस?" ठकूआक्कानं विचारलं.

"माझ्या गणूचा दिवस काढतेय. दाट धुकं, उंबरावर दोन धनेश, हिरव्या शेपटीचा पतंग. तूच दिला होतास. मी तो सांभाळलाय."

येलूबाईच्या हाताला फक्त खुरप्याची सवय होती. ठकूआक्कानं मान वळवून बघितलं. "हा धनेश हाय?" ती म्हणाली. "ह्याला तर जू घालून शेत नांगरता येईल." आणि ती हसली. डोंगर पडल्यापासून ती पहिल्यांदा हसली. तिनं काडी हातात घेतली आणि ती चोच नीट केली.

दुसऱ्या दिवशी पडवीत जागा उरली नाही. जो तो आपला दिवस घेऊन आला होता. लेकीबाळींचे जन्म, लग्नं, मरणं, म्हैस व्यायली तो दिवस, वाट चुकलेला भाऊ घरी आला तो दिवस. माणसं सांगत होती, ठकूआक्का काढत होती. लांबच्या वाड्यांतली माणसंही आली. आठ दिवस चूल पेटवायला तिला कुणी उठू दिलं नाही.

नवव्या दिवशी सटुप्पा आला. तो दारातच उभा राहिला. त्याची पाच वर्षांची लेक शेवंता तापानं गेली होती, त्याला बरीच वर्षं झाली होती. तेव्हा त्यानं तिचा दिवस विचारला होता, आणि ठकूआक्कानं भिंतीवर होतं ते सांगितलं होतं. आभाळ मोकळं होतं, ऊन होतं, आणि अंगणातल्या फणसावर हळद्या दिवसभर गात होता. आपली पोर जात असताना पाखरू गात होतं, हे सटुप्पाला सोसलं नव्हतं. त्या दिवसापासून त्यानं तिच्याशी बोलणं टाकलं होतं.

"एक दिवस राहिलाय," तो म्हणाला. "ऊन होतं. फणसावर हळद्या होता."

ठकूआक्कानं काडी खाली ठेवली. "मी तेव्हा तुला नको ते सांगितलं, सटुप्पा."

"न्हाई. मी राग धरला. पण घर गाडलं गेलं, तिचं काही उरलं न्हाई. तिचं अंगडं गेलं, पाळणा गेला. तो हळद्या तेवढा राहिलाय." तो आत येऊन भिंतीपाशी बसला. "आता वाटतं, तिनं ऐकला असंल तो. काढ, आक्का."

ठकूआक्कानं तो काढला. सगळ्या भिंतीवर तोच एक हळद्या तिनं पूर्ण काढला, चोचीपासून शेपटीपर्यंत, हळकुंड उगाळून पिवळा केला. पुढं कितीतरी वर्षं फणस पिकायला लागले की एक हळद्या पडवीत शिरून त्याच्यासमोर बसायचा, असं म्हणतात.

त्यानंतर ठकूआक्का नऊ वर्षं जगली आणि एक दिवसही तिनं चुकवला नाही. ती गेली तेव्हा सगळी वाडी तिच्या घरात होती. कुणी पाय दाबत होतं, कुणी पाणी घालत होतं, बायका रडत होत्या. सगळं आटोपल्यावर येलूबाई गेरू घेऊन भिंतीशी गेली आणि विचारलं, "आज काय आलं होतं?" कुणालाच सांगता येईना. कोण म्हणालं ऊन होतं, कोण म्हणालं ढग होते. त्या दिवशी एकाही माणसानं बाहेर बघितलं नव्हतं. बोटाच्या पेराएवढी ती जागा येलूबाईनं मोकळी सोडली, आणि तिच्यावर कुणी काही काढू दिलं नाही.

आता हिरडवाडीत पत्र्याची घरं आहेत, पोरं तालुक्याला शिकतात, जन्माचे दाखले मिळतात. पण त्या वाडीत कुणाच्या घरी मूल होणार असलं, किंवा कुणाची शेवटची घटका असली, की घरातलं एक माणूस बाहेर अंगणात जाऊन उभं राहतं. आतून कितीही हाका आल्या तरी ते हलत नाही. आभाळ बघतं, पाखरू बघतं, सांजेला दिवा लावून पतंगाची वाट बघतं, आणि मग जाऊन भिंतीवर काढतं. याला ते आक्काची राखण म्हणतात. आणि हिरडवाडीत तुम्ही सुतकाच्या घरी गेलात, तर तिथं भेटायला आलेली माणसं कसं झालं, कधी झालं हे नंतर विचारतात. आधी विचारतात, "बाहेर कोण होतं?"