दामोदरची कादंबरी

कुसवडे नावाच्या गावात एक भोळा कादंबरीकार राहत होता. त्याचं नाव दामोदर. कादंबरी त्यानं अजून लिहिलेली नव्हती, पण भोळेपणात मात्र काही कसर नव्हती. सांगावं ते तो नेमकं करायचा. नको तिथं करायचा, एवढंच.

त्याच्या सासऱ्यांची गावातच पिठाची गिरणी होती. ते एक दिवस म्हणाले, "जावईबापू, दिवाळी अंकात तुमची कादंबरी छापून आली, तर खुशाल आयुष्यभर लिहा. नाही आली, तर पाडव्यापासून गिरणीत बसायचं." दामोदरला पिठानं शिंका यायच्या. तो फार घाबरला. त्याची बायको मालन मात्र घाबरली नाही. तिला नवऱ्याचा भारी अभिमान होता. "बाबा, छापून आल्यावर पेढे द्यायला मीच येईन," ती म्हणाली.

तालुक्याच्या गावी अप्पा टिपणीसांचा छापखाना होता. तेच दिवाळी अंक काढायचे. त्यांनी दामोदरला सांगितलं, "दर मंगळवारी बाजाराला येतोसच, तेव्हा आठवड्याचं लिखाण दाखवत जा."

पहिल्या मंगळवारी दामोदर गेला.

"काय, किती झालं?"

"काही नाही झालं, अप्पा. लिहायला बसलं की कोणीतरी येतं. बुधवारी बाळू न्हावी आला, तो शुक्रवारी गेला."

अप्पा म्हणाले, "अरे, लिहायला बसलास की दाराला आतून कडी लाव. बाहेरून कोणी कितीही हाका मारू दे, उठायचं नाही."

"असं होय! मग आधी सांगायचं नाही का?" म्हणत दामोदर घरी आला आणि कडी लावून बसला. पहिलं प्रकरण झरझर उतरलं. लिहून झालेलं पान तो शेजारी जमिनीवर ठेवायचा आणि पुढचं घ्यायचा. तेवढ्यात मालन बाहेरून दार बडवायला लागली. "अहो, शेळी आत राहिलीय! कडी काढा!" दामोदर हलला नाही. मालन खिडकीशी आली, ओरडली, रडकुंडीला आली. दामोदर लिहीत राहिला आणि शेळी खात राहिली. शेवटच्या पानाला दोघं बरोबरच पोचली.

मंगळवारी अप्पांनी कपाळावर हात मारला. "तुला ती खाताना दिसत नव्हती?"

"दिसत होती की. पण ती बाहेरून आली नव्हती. ती आतलीच होती."

"अरे देवा! हे बघ. कागदांजवळ कोणीही काही चघळताना दिसलं, की कान धरायचा, बाहेर न्यायचं आणि खुंट्याला बांधून टाकायचं. कळलं?"

"असं होय! मग आधी सांगायचं नाही का?"

त्या आठवड्यात पहिलं प्रकरण पुन्हा झालं, दुसरंही झालं. शनिवारी सासरे चौकशीला आले. येताना पान लावून आले होते. खाटेवर टेकले, कागद हातात घेतले आणि पान चघळत चघळत वाचायला लागले. वाचता वाचता त्यांची मान डोलायला लागली. जावई बरं लिहितो की, असं त्यांच्या मनात आलं. तेवढ्यात त्यांचा कान कोणीतरी धरला.

"अहो जावईबापू! हे काय?"

"चला बाहेर, मामा."

"अहो, कान सोडा!"

"बांधून झालं की सोडतो," दामोदर म्हणाला, आणि त्यानं त्यांना शेळीच्याच खुंट्याला बांधलं. गाठ पक्की मारली. मालन विहिरीवरून आली तेव्हा बाबा एका अंगाला आणि शेळी दुसऱ्या अंगाला. शेळी त्यांच्या धोतराची चव बघत होती.

सासऱ्यांनी मोकळं झाल्याबरोबर अप्पांना फोन केला. काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. मंगळवारी अप्पांनी दामोदरला समोर बसवलं.

"अरे, ते पिकल्या केसांचे वडीलधारे! दारात असा माणूस आला, तर पाया पडावं. बसायला द्यावं. चहा पाजावा. आणि ते जे मागतील ते आनंदानं त्यांच्या हातावर ठेवावं."

"असं होय! मग आधी सांगायचं नाही का?"

गुरुवारी दारात हातगाडी उभी राहिली. "रद्दीऽऽ! जुने पेपर, वह्या, पुस्तकं, रद्दीऽऽ!" रद्दीवाला म्हातारा होता. केस कापसासारखे पांढरे. दामोदर धावत बाहेर आला आणि रस्त्यातच त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. म्हातारा दचकला. आजवर लोकांनी त्याच्याशी तराजूवरून भांडणंच केली होती. दामोदरनं त्याला खाटेवर बसवलं, आल्याचा चहा पाजला आणि हात जोडून विचारलं, "आपल्याला काय हवं?"

"कागद हायेत का काही?"

"आहेत ना!" दामोदरनं तोवर लिहून झालेली चारही प्रकरणं आनंदानं त्याच्या हातावर ठेवली. म्हाताऱ्यानं पैसे काढले, तर घेतले नाहीत. वडीलधाऱ्यांकडून पैसे कसे घ्यायचे?

पुढच्या मंगळवारी अप्पांनी "किती झालं?" विचारलंच नाही. ते म्हणाले, "तिसरं प्रकरण वाचलं मी. बाजारात भजी घेतली, त्यांच्याखाली होतं." मग त्यांचा आवाज एकदम बदलला. "दामोदर, लेका, चांगलं लिहितोस रे तू! तेलकट पान पुसून पुसून वाचलं मी. पुढं त्या पोरीचं काय होतं, ते कळायला दुसऱ्यांदा भजी घेतली. तर खाली कुणाचं तरी गणित निघालं."

दामोदर सुखावला. मग अप्पांना रागाची आठवण झाली. "आता नीट ऐक. लिहिलेला कागद कुणाच्याही हातात द्यायचा नाही. केस पिकलेले असोत नाहीतर काळे, म्हातारा असो नाहीतर पोर, लिहिलेला कागद द्यायचा नाही म्हणजे नाही. घरी जा, पूर्ण कर आणि दसऱ्याच्या आधीच्या मंगळवारी कादंबरी मला आणून दे. पानं राखून ठेवलीयत. त्या दिवशी नाही आली, तर तिथं साबणाची जाहिरात जाईल."

"असं होय! मग आधी सांगायचं नाही का?"

घरातली शाई संपली होती. मालननं शाळेजवळच्या दुकानातून पेन्सिलींचा पुडा आणला. दुकानदारानं वर खोडरबरही दिलं. दामोदर पहिल्या पानापासून पुन्हा लिहायला बसला तो उठेचना. कडी व्यवस्थित, शेळी बाहेर, सासरे त्यांच्या घरी. सोमवारी सकाळी कादंबरी पुरी झाली. मालननं ती एका बैठकीत वाचली. शेवटाला ती इतकी रडली की पदर पिळायची वेळ आली. "आता बाबांना सांगून येते," डोळे पुसत ती म्हणाली, "गिरणीला दुसरा माणूस बघा म्हणावं." आणि ती नाचतच माहेरी गेली.

दामोदर गठ्ठ्यासमोर एकटाच बसला आणि त्याला घाम फुटला. कादंबरी अप्पांना द्यायची होती. लिहिलेला कागद कुणालाही द्यायचा नव्हता. दोन्ही अप्पांनीच सांगितलं होतं. त्यानं खूप डोकं खाजवलं. मग एकदम त्याचा चेहरा खुलला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कुणी न सांगता काहीतरी सुचलं होतं.

मंगळवारी तो छापखान्यात पोचला तेव्हा यंत्र तेलपाणी करून तयार होतं. अप्पा दारातच उभे होते.

"आणलीस?"

"सगळी आणली, अप्पा. शेवटासकट." त्यानं दोन्ही हातांनी गठ्ठा त्यांच्या हातात दिला. "आणि तुमचा शब्दही मोडला नाही."

अप्पांनी दोरी सोडली. पहिलं पान बघितलं. दुसरं बघितलं. मधलं बघितलं. शेवटचं उजेडात धरून बघितलं. सगळी पानं पांढरीशुभ्र होती.

"दामोदर, लिहिलेलं कुठंय?"

"लिहिलेलं द्यायचं नव्हतं ना! म्हणून काल बसून सगळं खोडलं. हात भरून आले बघा. एक काना राहू दिला नाही."

अप्पा मटकन खुर्चीत बसले. "अरे गाढवा, मग मी आता यात वाचू काय?"

"वाचायचीय?" दामोदरला नवलच वाटलं. "तुम्ही तर छापायला मागितली होती."

या वेळी अप्पांनी काहीच सांगितलं नाही. फोन उचलला, दामोदरच्या सासऱ्यांना लावला आणि एवढंच विचारलं, "गिरणी सकाळी किती वाजता उघडता?"