बोरीचा डोळा

अवजारं माणसांना तोंड वर करून बोलायची, तेव्हाची गोष्ट. यमुनाकाकूंनी घर बांधायला माळावरचा तुकडा साफ करायला घेतला. कोयत्याने घाणेरी आणि तरवड सपाट केली. मधली रानबोर छाटून हातभर खुंट ठेवला.

"आता हिला मुळासकट काढते," कुदळ म्हणाली. "नुसते काटे, आणि बोरं मेली आंबट!"

"राहू दे," काकू म्हणाल्या. "हिला डोळा भरायचाय. घर चार हात पलीकडे घेऊ."

कुदळ खदाखदा हसली. "डोळा? म्हणजे इतकी वर्षं आंधळी होती होय ही!"



घर उभं राहीपर्यंत खुंटाला कोवळे फुटवे आले. काकूंनी एका फुटव्याच्या सालीत गोड बोरीचा डोळा, म्हणजे फांदीवरचा इवलासा कोंब, बसवला आणि वर पट्टी बांधली. तिसऱ्या वर्षी अंगणात पिवळीधमक बोरं लगडली.

एका दुपारी काकूंनी कुदळ बोरीखाली टेकवून ठेवली. कुदळीने हळूच विचारलं, "खरंच दिसतं का गं तुला?"

"दिसतं की," बोर म्हणाली. "माझ्या मुळावर उठली होतीस, तीच ना तू? सरक आत. उन्हात तापशील."