सापाची गोड धून

झाडांना कुंपणं पडली नव्हती, त्या काळची ही गोष्ट बरं का. एका बाभळीवर जाळं विणणारी कोळीण आणि दयाळ पक्षी शेजारी राहायचे. धागा किती ताणला की किती लांब थरथरतो, ते कोळिणीला ठाऊक. सूर दयाळाच्या गळ्यात. दोघांनी मिळून घरट्याघरट्यांत धागा नेला. इथे छेडला की तिथे निरोप ऐकू यायचा. दाण्याची एक धून, पावसाची दुसरी. साप आल्याची धून मात्र दयाळाने सगळ्यांत गोड बांधली.

"अहो भाऊ, हीच इतकी गोड कशाला?" कोळिणीने विचारलं.

"लक्षात राहील ना, ताई!"

एका सकाळी दयाळ चाऱ्याला गेला आणि धामण झाडावर चढली. दयाळाच्या ढोलीत तीन पिल्लं होती. दयाळिणीने धागा छेडला.

"वाहवा! वन्समोअर!" घरट्याघरट्यांतून आवाज आला.

तिने पुन्हा छेडला, अगदी जीव तोडून. पंखांच्या टाळ्या आणखी वाढल्या.

दुपारी शेजारची साळुंकी डोकावली. रिकाम्या ढोलीपाशी दयाळीण एकटीच बसली होती.

"काय हो वहिनी, तिसऱ्यांदा का नाही वाजवलंत? आम्ही सगळे कान लावून बसलो होतो!"