वकिलाचे तीन परवाने

सम्राटाचा वकील पालखीत सम्राटाचे जोडे मिरवत करंजगडच्या दरबारात आला. राजाने पागोटे उतरवून या जोड्यांवर डोके ठेवावे, नाहीतर महिन्याभरात लाखाची फौज येऊन गड जमीनदोस्त करील, असे त्याने बजावले. राजाचा हात पागोट्याकडे गेला.

घाटातल्या चौकीचा म्हातारा नाकेदार हैबती वकिलाला घेऊन आला होता. परक्याचे कागद नाकेदाराने दरबारात दाखवायचे, अशी तिथली रीत. राजाचा तो हात त्याला बघवेना.

"जरा थांबा, महाराज," तो म्हणाला. "वकीलसाहेब, या कागदांवर तीन शिक्के कुणाचे?"

"वाटेतल्या तीन राजांचे. वाट दिल्याचे परवाने आहेत."

"तुमच्या आधीचे वकील कुणाला विचारत नसत."

"आता दिवस वेगळे आहेत," वकील पुटपुटला.

"तेच म्हणतो मी. एक जोडा इथवर आणायला तुम्हाला तिघांच्या पाया पडावे लागले. लाखाच्या फौजेला ते वाट देतील का, एवढे विचारून घ्या."

दरबारात खसखस पिकली. राजाचा हात खाली आला.

वकील तरातरा निघाला, तसा हैबती मागून ओरडला, "चौकीवर रांगेत उभे राहा! घाट उतरायला आमचाही परवाना लागतो."