विहीर हवी का?

तांबुळगडच्या रणधवल महाराजांकडे विहिरीसाठी नऊशे अर्ज आले आणि नऊशेच्या नऊशे चुकीचे निघाले!

अर्ज संस्थानच्या वेबसाइटवर भरायचे होते. जन्मतारखेच्या रकान्यात कुणी लिहिलं होतं, "महापुराच्या आदल्या दिवशी." वडगाव हे एकच गाव अकरा तऱ्हांनी लिहिलेलं होतं. 'विहीर हवी का?' या प्रश्नाला बहुतेकांचं उत्तर होतं, "म्हणजे काय!" संगणकाला फक्त 'होय' कळत होतं. त्याने सगळे अर्ज परत पाठवले.

"प्रश्नच सोपे करू या, महाराज," दिवाण अनंतपंत म्हणाले.

"खबरदार! हे सात प्रश्न आमच्या आजोबांनी लिहिलेत. त्यातलं एक अक्षर हलता कामा नये! आणि आठ दिवसांनी एकही अर्ज चुकलेला दिसता कामा नये! नाहीतर विहिरी रद्द!"

दरबार खाली बघू लागला. वेबसाइट सांभाळणारी हौसा, वडगावच्या कोष्ट्याची मुलगी, तेवढी पुढे आली. तिची आई रोज दोन कोसांवरून पाणी आणत होती.

"मी करते, महाराज."

"अक्षर हललं तर?"

"तर मला हाकला."

वेबसाइट एका तयार सांगाड्यावर, म्हणजे आयत्या साच्यावर, उभी होती. त्याने प्रत्येक प्रश्नापुढे एकसारखी कोरी चौकट ठेवली होती, पण ती बदलायची सोयही दिली होती. आजवर तिकडे कुणी फिरकलं नव्हतं. हौसा तीन दिवस तिथेच बसली. जन्मतारखेपुढे तिने कॅलेंडर लावलं आणि वर्षांशेजारी 'महापूर', 'दुष्काळ', 'टोळधाड' अशा खुणा घातल्या. गावापुढे दोनशे बारा गावांची यादी आली. विहिरीपुढे दोनच गोल, होय आणि नाही.

आठव्या दिवशी दिवाणांनी वर्दी दिली, "नऊशे अर्ज पुन्हा आले, महाराज. चूक एकही नाही."

"अशक्य! सरका, मी भरतो!"

महाराजांनी तेरावा महिना शोधला. नव्हता. गाव म्हणून 'स्वर्ग' लिहायला गेले, तर यादीत स्वर्ग नव्हता. विहिरीपुढे 'बघू' लिहायचं होतं, पण लिहायला जागाच नव्हती. अर्धा तास त्यांनी अत्यंत प्रामाणिकपणे चूक करायचा प्रयत्न केला. शेवटी बोट 'होय'वर पडलं आणि संगणकाने त्यांना एक विहीर मंजूर केली.

महाराज ताडकन उठले. "पोरी, तू फॉर्म बदललास!"

हौसाने पडदा त्यांच्याकडे वळवला. "सातही प्रश्न वाचून बघा, महाराज. वेलांटीसुद्धा हललेली नाही. मी फक्त उत्तराची जागा बदलली."

"प्रश्न काय आणि जागा काय, एकच ते!"

"एकच कसं? पंगतीत ताक पानावर वाढलं आणि ते ओघळलं, तर फटके पाहुण्याला मारायचे का? आजोबांचं ताक तेच आहे, महाराज. मी फक्त वाट्या मांडल्या!"

महाराजांनी सातही प्रश्न बोट ठेवून वाचले. मग त्यांच्या मिशा थरथरल्या आणि ते असे हसले, की पागोटं घरंगळून दिवाणांच्या मांडीवर पडलं.

"अनंतपंत, नऊशे विहिरी खणायला घ्या! पहिली कुदळ वडगावात! आणि आजपासून संस्थानचा प्रत्येक फॉर्म या पोरीच्या हाताखालून जाईल!"

हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी हौसाला दिलं.

"आणि महाराज, आपल्याला मंजूर झालेली विहीर?" दिवाणांनी विचारलं.

"खणा!" महाराज डोळे पुसत म्हणाले. "अर्ज बिनचूक आहे!"